४१० चे स्क्रू न गंजता का तुटतात, आणि ३१६एल घातलं की हायड्रोजनचा प्रश्न मिटतो का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रत्नागिरीकडे खाडीजवळच्या एका शेडवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्याला ४१० स्टेनलेसचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारले, एक पावसाळा गेला आणि आता अधूनमधून स्क्रूची डोकी तुटून खाली पडतायत. गंज म्हणावा तर जवळजवळ नाही. सप्लायर म्हणतो तुमच्या माणसांनी जास्त टाइट केलं, लॅबवाले म्हणतात केमिस्ट्री ओके, हार्डनेस ओके. आणि दुसरं, पुढे हायड्रोजन गॅसच्या लाइनचं काम येतंय, तिथे ३१६एल (स्टेनलेसचाच दुसरा ग्रेड) वापरलं की असलं काही होणार नाही ना. दोन्हीची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत म्हणून एकत्रच लिहितो, जरा मोठं होईल.

आधी सप्लायरचं बघू. जास्त टाइट केल्यामुळे तुटणारा स्क्रू ड्रायव्हर चालू असतानाच तुटतो, माणसाच्या हातात तुटतो, आणि तुटलेल्या जागी पीळ पडलेला दिसतो, थ्रेड ताणलेले दिसतात. तुमचे स्क्रू लावताना तुटले नाहीत, लावल्यावर काही महिने नीट बसले आणि मग एका शांत दुपारी डोकं टपकन खाली पडलं. हा जो उशीर आहे ना, तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे. भार तोच, तापमान साधारण तेच, कोणी हात लावला नाही, तरी धातू तुटला, म्हणजे मधल्या काळात आत काहीतरी हळूहळू सरकत होतं. ते म्हणजे हायड्रोजन.

हायड्रोजन वायू म्हणजे दोन अणूंची जोडी. ती जोडी स्टीलमध्ये तशीच शिरत नाही, शिरतो तो सुटा अणू, आणि तो खूपच लहान अणू असल्यामुळे लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटींतून चालत जाऊ शकतो. सुटे अणू कुठे तयार होतात? अ‍ॅसिडमध्ये पिकलिंग (पृष्ठभागावरची खपली काढणं) करताना, इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाकीत, कॅथोडिक प्रोटेक्शनखाली (गंजू नये म्हणून धातूला विजेने कॅथोड करतात), ओल्या वेल्डिंग रॉडमधून, हायड्रोजन सल्फाइड असलेल्या तेलवायूच्या लाइनमध्ये. पृष्ठभागावर अणू तयार झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात, शेजारच्या अणूला धरून बुडबुडा होऊन निघून जायचं किंवा आत शिरायचं. सल्फाइड, आर्सेनिक वगैरे असले की जोड्या जमणं मंदावतं आणि आत शिरणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून तेलवाले हायड्रोजन सल्फाइडला एवढे घाबरतात.

ही काही नवी गोष्ट नाहीये. विल्यम जॉन्सन नावाच्या माणसाने १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, की लोखंडाची तार काही मिनिटं अ‍ॅसिडमध्ये ठेवली की ठिसूळ होते, एरवी दोनतीनदा वाकवता येणारी तार एकदा वाकवताच तुटते, तुटलेल्या तोंडाला ओलं केलं की तिथून बारीक फेस येतो, आणि तार तशीच ठेवून दिली की काही काळाने परत बरी होते. दीडशे वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी बघून त्याने गाभा पकडला होता: शिरणारा हायड्रोजन आहे, तो हलतो, आणि तो बाहेर पडला की धातू सावरतो. फक्त एक, चीर पडायच्या आधी बाहेर पडला तर. चीर पडली की मग सावरणं वगैरे काही नाही.

आत गेलेला हायड्रोजन सगळीकडे सारखा पसरत नाही. जिथे ताण जास्त तिथे अणूंमधलं अंतर किंचित वाढलेलं असतं, तिथे त्याला जागा मिळते, म्हणून तो स्क्रूच्या डोक्याखालच्या कोपऱ्यात, पहिल्या थ्रेडच्या मुळाशी, असलेल्या बारीक चिरेच्या टोकाशी गोळा होतो. तिथे तो नेमकं काय करतो यावर दोन मोठी मतं आहेत. एक म्हणतं तो ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकदाण्यांच्या, सीमेवरची अणूंची पकडच सैल करतो, दुसरं म्हणतं तो डिस्लोकेशन्सना, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतल्या दोषांच्या रेषांना, घसरायला सोपं करतो त्यामुळे सगळं विरूपण एका अरुंद पट्ट्यात साचतं आणि तिथेच फाटतं. मला विचाराल तर खूप हार्ड मार्टेन्सिटिक स्टीलमध्ये (मार्टेन्साइट म्हणजे अणूंची कठीण मांडणी) पहिलं जास्त दिसतं, मऊ ऑस्टेनिटिकमध्ये (ऑस्टेनाइट म्हणजे वेगळी, मऊ मांडणी) दुसरं, आणि मधल्या सगळ्यात दोन्ही हातात हात घालून चालतात. शॉप फ्लोअरसाठी महत्त्वाचं एवढंच की हायड्रोजनला त्या टोकापर्यंत चालत यायला वेळ लागतो. म्हणून तुम्ही अशा स्टीलची चार्पी टेस्ट (हातोड्याच्या एका फटक्याने तुकडा तोडून चिवटपणा मोजणं) केलीत तर ते पास होतं, कारण हातोडा पडून तुकडा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हायड्रोजनला पाऊलही टाकता येत नाही. तोच तुकडा हळू ओढला किंवा नुसता ताणून लटकवून ठेवला तर तुटतो.

आता मुख्य मुद्दा, जो मी प्रत्येक नव्या इंजिनियरला सांगतो. स्टेनलेस असा एक धातू नाही. क्रोमियम आहे म्हणून सगळ्यांना स्टेनलेस म्हणतात, पण हायड्रोजनला क्रोमियमशी फारसं घेणंदेणं नाही, त्याला आतली रचना कशी आहे आणि स्टील किती हार्ड आहे याच्याशी मतलब आहे. आकडे बघा म्हणजे पटेल. मऊ शुद्ध लोखंडात हायड्रोजन खोलीच्या तापमानाला १ मिमी अंतर काही मिनिटांत कापतो. हार्डन केलेल्या मार्टेन्सिटिक स्टीलमध्ये वाटेत डिस्लोकेशन, कार्बाइड, ग्रेन बाउंड्री अशा सापळ्यांत अडकत अडकत जातो, तरी साधारण एकदोन दिवसांत. ३०४ किंवा ३१६ च्या ऑस्टेनाइटमध्ये तेच १ मिमी कापायला हिशोबाने शंभरेक वर्षं येतात. ऑस्टेनाइट हायड्रोजन पोटात भरपूर घेतो पण हलू देत नाही. बाजारात मात्र हार्ड मार्टेन्सिटिक काय आणि ३०४, ३१६ काय, सगळ्यांचं नाव एसएस.

तर तुमचा ४१०. हा मार्टेन्सिटिक. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला पत्र्यात, पर्लिनमध्ये (पत्र्याखालच्या आडव्या आधारात) स्वतःच भोक पाडायचं असतं म्हणून तो हार्डन करावाच लागतो, बाजारातले बरेच स्क्रू ४० एचआरसीच्या (हार्डनेस मोजायची रॉकवेल पट्टी) आसपास किंवा वर निघतात. प्लेटिंगच्या जगात ३९ एचआरसीच्या वर गेलात की बेकिंगचा (तापवून हायड्रोजन घालवण्याचा) विचार करा असं स्टँडर्डच म्हणतं, आणि हायड्रोजन सल्फाइडच्या सर्व्हिसमध्ये तर ४१० ला २२ एचआरसीच्या वर जाऊच देत नाहीत, यावरून धोका किती ते बघा. तुमच्या लॅबने जे हार्डनेस ओके म्हटलं ते स्क्रूच्या ड्रॉइंगप्रमाणे ओके. हायड्रोजनच्या दृष्टीने तोच हार्डनेस दुखणं आहे. त्यात हीट ट्रीटरने टेंपरिंग (हार्डन केल्यावर परत तापवणं) ४०० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात केलं असेल तर आणखी वाईट, त्या पट्ट्यात या स्टीलचा चिवटपणा आधीच पडतो.

मग हायड्रोजन आला कुठून, हे स्क्रू तर प्लेटिंग केलेले नव्हते असं तुम्ही लिहिलंय. तो अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यामुळे आला. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते, अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजतो आणि स्टेनलेसला वाचवतो. म्हणून तुमच्या स्क्रूवर गंज नाही! लोक इथेच फसतात, गंज नाही म्हणजे मटेरियल चांगलं असं वाटतं, पण त्या बॅटरीत स्टेनलेस हा कॅथोड आहे आणि कॅथोडवर हायड्रोजन तयार होऊ शकतो. त्यातून वॉशरच्या खाली जी फट असते तिथे पावसाचं पाणी सुकत नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या क्षरणातून तिथलं पाणी आंबट होत जातं, आणि आंबट पाण्यात हायड्रोजन आणखी सहज सुटतो. वरून वाऱ्याबरोबर खारं, खालून डोक्याखालच्या कोपऱ्यात ताण, मध्ये हार्ड मार्टेन्साइट. कोकणात चार महिने हे सगळं ओलंच राहतं. जस्ताच्या पत्र्यावरही हेच होऊ शकतं, जस्त तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ही बॅटरी जास्त जोरात चालवतो.

हे सिद्ध कसं करायचं ते सांगतो कारण सप्लायरशी वाद तुम्हाला घालायचाच आहे. तुटलेलं डोकं स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवा. कडेजवळ, जिथून चीर सुरू झाली तिथे, खडीसाखरेसारखे सुटे सुटे दाणे दिसतील, म्हणजे चीर ग्रेनच्या सीमेसीमेने गेली, आणि दाण्यांच्या मध्ये उघडलेल्या फटी दिसतील. आतल्या बाजूला, जिथे उरलेला भाग शेवटी एकदम तुटला, तिथे लहान खळग्या दिसतील, त्या नेहमीच्या चिवट तुटण्याच्या. पीळ पडून तुटलेल्या स्क्रूत सगळीकडे खळग्याच असतात, एका दिशेला ओढलेल्या. हे दोन फोटो शेजारी ठेवले की समोरचा गप्प होतो. हायड्रोजन किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आहे ते मोजून आणा असं कोणी म्हटलं तर त्यात पैसे घालवू नका. अशा स्टीलला एखाद-दोन पीपीएम पुरतो, आणि तुकडा महिनाभर टेबलाच्या खणात पडला असेल तर मार्टेन्साइटमधून तो केव्हाच उडून गेलेला असतो. मोजायचाच असेल तर तुटल्याबरोबर तुकडा लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून लॅबला न्यावा लागतो.

आणि लॅबची एक नेहमीची चूक. ते न वापरलेले स्क्रू घेतात, एका प्लेटमध्ये टाइट करून ४८ तास कोरड्या हवेत ठेवतात, एकही तुटत नाही आणि सर्टिफिकेट देतात की हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट (हायड्रोजनने येणारा ठिसूळपणा) नाही. ही टेस्ट चुकीची नाही पण ती कारखान्यात आत शिरलेला हायड्रोजन शोधते. तुमचा हायड्रोजन कारखान्यातून आलेलाच नाही, तो छपरावर तयार झाला. तुम्हाला तेच स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात ताणून मिठाच्या पाण्यात ठेवावे लागतील, आणि शेजारी ३०४ चे तेवढेच स्क्रू. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत फरक दिसतो.

मी हे इतक्या खात्रीने लिहितोय त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीत १७-४पीएच या हार्ड मार्टेन्सिटिक स्टेनलेसच्या व्हॉल्व्ह स्टेमचा (व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या दांड्याचा) लॉट माझ्या सहीने पुढे गेला होता. एच९०० कंडिशन (हीट ट्रीटमेंटचा प्रकार), म्हणजे ४० च्या वर एचआरसी, ताकद जास्त म्हणून डिझाइनवाल्यांना आवडणारी. त्यावर हार्ड क्रोमचा मुलामा. हार्ड क्रोमच्या टाकीत जो करंट जातो त्याचा जेमतेम १० ते २० टक्के भाग क्रोमियम बसवायला लागतो, बाकीचा बहुतेक हायड्रोजन सोडण्यात जातो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. प्लेटरने शुक्रवारी संध्याकाळी माल दिला, बेकिंगचा रेकॉर्ड सोबत नव्हता, मी विचारला नाही कारण शनिवारी असेंब्ली होती. सोमवारी सकाळी क्रेट उघडली तर चार स्टेम ग्लॅन्डच्या (स्टेमभोवतीच्या सीलच्या) जागी तुटून पडलेले, त्यांच्यावर पाण्याचा दाब एकदाही आलेला नव्हता. ते साइटवर गेले असते तर समोर उभ्या असलेल्या ऑपरेटरचं काय झालं असतं हा विचार अजून मनातून जात नाही. तेव्हापासून हार्ड मार्टेन्सिटिकवर प्लेटिंग असेल तर मी बेकिंगचा चार्ट बघितल्याशिवाय सही करत नाही: प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत भट्टीत, १९० ते २२० अंश, तास ताकद आणि जाडीप्रमाणे, आणि शक्य असेल तिथे एच९०० च्या ऐवजी कमी हार्ड एच११५० मागून घेतो. ताकद १३१० वरून ९३० मेगापास्कलवर येते, स्टेम जरा जाड करावा लागतो, करावा.

आता ३०४ कडे वळू, कारण ऑस्टेनाइटमध्ये हायड्रोजन हलत नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणाल की मग ३०४ घातलं की झालं. थांबा. ३०४ चा ऑस्टेनाइट अर्धवट स्थिर असतो, त्याला वाकवलं, ओढलं, थंड केलं की त्याचा काही भाग मार्टेन्साइटमध्ये बदलतो. भांड्याच्या दुकानात लोक चुंबक घेऊन जातात आणि सिंकच्या कोपऱ्याला चिकटला की हे खरं स्टेनलेस नाही म्हणतात. माल खरा असू शकतो, कोपरा दाबताना तिथे मार्टेन्साइट झालेला असतो आणि तो चुंबकाला ओढतो. भांड्यांच्या कारखान्यात, विशेषतः कमी निकेलच्या २०० सिरीजमध्ये, हा अनुभव जुना आहे: डबा खोल ओढला, चकचकीत निघाला, रात्री रचून ठेवला आणि सकाळी काठापासून खाली उभी चीर. ओढताना झालेला मार्टेन्साइट, आत अडकलेला ताण आणि स्टीलमध्ये वितळण्यापासूनच असलेला थोडासा हायड्रोजन, तिघांनी मिळून केलेलं काम. दोन ओढण्यांच्या मध्ये तापवून मऊ करायचं अ‍ॅनिलिंग केलं की थांबतं. म्हणजे खूप कोल्ड वर्क केलेला (न तापवता वाकवलेला, ओढलेला) ३०४ हा कागदावर ऑस्टेनिटिक असला तरी हायड्रोजनसाठी त्यात मार्टेन्साइटचे रस्ते तयार झालेले असतात.

आणि ऑस्टेनाइटमध्ये एकदा हायड्रोजन भरला की तो काढणंही तितकंच अवघड. बेकिंग करू म्हणतात लोक. २०० अंशांवर ३०४ मध्ये १ मिमीचा हिशोब केला तर दहाबारा दिवस येतात. चार तासांचं बेकिंग ४१० ला उपयोगी आहे, ३०४ ला त्याने काहीच फरक पडत नाही.

डुप्लेक्सचं थोडक्यात सांगतो. त्यात निम्मा फेराइट (मऊ लोखंडासारखी रचना), निम्मा ऑस्टेनाइट, समुद्रात गंजत नाही म्हणून लोकप्रिय. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला फॉइनाव्हन तेलक्षेत्रात १९९६ मध्ये समुद्रतळावरचे सुपर डुप्लेक्सचे हब (पाइप जोडणारे जाड भाग) चिरले. आजूबाजूच्या साध्या स्टीलला गंजू नये म्हणून जे अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड लावले होते त्यांनीच डुप्लेक्सवर हायड्रोजन तयार केला. फेराइटमधून हायड्रोजन पळाला, भरड ग्रेनच्या फोर्जिंगमध्ये त्याला लांब सरळ रस्ता मिळाला. त्यानंतर बराच अभ्यास होऊन २००८ मध्ये डीएनव्ही या नॉर्वेच्या प्रमाणन संस्थेने डुप्लेक्सच्या डिझाइनसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली, त्यात ताणाला मर्यादा आहेच आणि ऑस्टेनाइटची बेटं एकमेकांपासून ३० मायक्रॉनपेक्षा कमी अंतरावर असलेल्या बारीक रचनेला जास्त सूट आहे. तुमचा छपरावरचा स्क्रू आणि समुद्रतळावरचा तो हब, दोन्हीकडे गोष्ट तीच आहे.

तर तुमची हायड्रोजन लाइन. २०२३ मध्ये ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर झाल्यापासून हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. इलेक्ट्रोलायझरमधून (पाण्यापासून विजेने हायड्रोजन काढणारं यंत्र) निघणारा १०-३० बारचा गॅस, साधं तापमान, अ‍ॅनिल केलेली ट्यूब, एवढंच असेल तर ३१६एल चांगलं चालतं, ३०४एल सुद्धा चालतं, झोप उडवून घेऊ नका. प्रश्न येतो तो दाब शेकडो बारमध्ये गेला आणि त्यात थंडी आली की. ऑस्टेनिटिक स्टीलला हायड्रोजनचा सगळ्यात जास्त त्रास उणे ५० ते उणे ७० अंशांच्या आसपास होतो, कारण तिथे ताणाखाली मार्टेन्साइट भराभर होतो आणि हायड्रोजन अजून पुरेसा हलू शकतो. द्रव हायड्रोजनच्या उणे २५३ अंशांना उलट तो जागचा हलतच नाही, म्हणून त्या टाक्या ३०४एलच्या बिनधास्त असतात. आणि ७०० बारच्या गाडीत गॅस भरताना टाकी तापू नये म्हणून गॅस आधीच उणे ४० पर्यंत थंड करतात, म्हणजे नेमकं आपण त्या वाईट पट्ट्याच्या दाराशी.

इथे नुसतं ३१६एल लिहून चालत नाही. ३१६एलमध्ये निकेल १० ते १४ टक्के चालतो. निकेल महाग, त्यामुळे बाजारात येणारा बहुतेक माल १० च्या जरासाच वर असतो, टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) उघडून बघा. जपानमध्ये उच्च दाबाच्या हायड्रोजनसाठी, उणे ४५ अंशांपर्यंत, निकेल इक्विव्हॅलंट (ऑस्टेनाइट किती स्थिर आहे ते सांगणारा आकडा) कमीत कमी २८.५ मागतात. तो काढायचा असा: निकेल, अधिक क्रोमियमच्या ०.६५ पट, मॉलिब्डेनमच्या ०.९८ पट, मँगनीजच्या १.०५ पट, सिलिकॉनच्या ०.३५ पट आणि कार्बनच्या १२.६ पट. आता १०.१ निकेल, १६.५ क्रोमियम, २.०५ मॉलिब्डेनम, १.३ मँगनीज, ०.४ सिलिकॉन आणि ०.०२ कार्बन असा आपल्याकडे मिळणारा नमुना घातलात तर २४.६ येतात. तोही कायदेशीर ३१६एल आहे. १२.५ निकेल, १७.५ क्रोमियम, २.५ मॉलिब्डेनम, १.७ मँगनीज, ०.५ सिलिकॉन आणि तेवढाच कार्बन घेतलात तर जेमतेम २८.५. तेव्हा परचेस ऑर्डरमध्ये ग्रेडच्या पुढे निकेल कमीत कमी १२ टक्के आणि हा इक्विव्हॅलंट लिहा, आणि हीट नंबरप्रमाणे (एका वेळी वितळवलेल्या मालाचा नंबर) टीसी तपासा. परचेसवाले कुरकुर करतील, ऐकून घ्या पण बदलू नका.

ट्यूबकडे लक्ष देऊन लोक आतले छोटे पार्ट विसरतात, तेही बघा. व्हॉल्व्हची स्प्रिंग, स्टेम, प्रेशर ट्रान्समीटरचा पातळ डायफ्रॅम. लाइन ३१६एलची आणि आत १७-४पीएच एच९०० चा स्टेम, हे मी स्वतः ड्रॉइंगमध्ये पकडलेलं आहे. डायफ्रॅम इतका पातळ असतो की त्यातून हायड्रोजन पलीकडे तेलात जातो आणि रीडिंग सरकतं, त्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेले डायफ्रॅम मिळतात.

परत छपरावर येतो, कारण ते काम आधी करायचंय आणि पुढच्या पावसाआधी करायचंय. जे ४१० चे स्क्रू आज धड दिसतायत त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, त्यांच्यात चिरा अर्ध्या वाटेवर असतील आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. टॉर्क तपासत बसू नका, घट्ट करू तर अजिबात नका. बायमेटल स्क्रू घ्या, ज्याचा दांडा आणि डोकं ३०४ चं आणि फक्त पुढची ड्रिलची टोकदार बाजू हार्डन केलेल्या कार्बन स्टीलची असते, ती टोकाची बाजू पर्लिनच्या पलीकडे निघून जाते आणि तिच्यावर भार राहत नाही. जुन्या भोकात तोच साइज बसवू नका, एक साइज मोठा किंवा शेजारी नवीन भोक, आणि वॉशर ईपीडीएम रबराचा, म्हणजे डोक्याखाली पाणी कमी साचेल. सुरुवात कडांपासून आणि कोपऱ्यांपासून करा, वादळात वारा पत्रा तिथेच सगळ्यात जोरात उचलतो, मधल्या रांगा नंतर घेतल्या तरी चालतील. बदलून होईपर्यंत शेडखाली माणसं बसत असतील तर ती जागा रिकामी ठेवा.

आणि पडलेली डोकी झाडून टाकू नका. प्रत्येक डोकं वेगळ्या पिशवीत, कोणत्या रांगेतलं ते वर लिहून, सोबत सिलिका जेलची पुडी. पुसू नका, धुऊ नका, आणि तुटलेले दोन तुकडे जुळतात का बघायला एकमेकांवर ठेवू नका, तेवढ्यानेही ते दाणे घासले जातात आणि मायक्रोस्कोपखाली दाखवायला काही उरत नाही.